कर्नल आणि रात्रीचे दिवे

लिनक्स कर्नल म्हणजे रात्री घरभर फिरून लाईट बंद करणारे आजोबा. बूट होत आलं की एकेक क्लॉक बघणार: कुठल्या ड्रायव्हरने मागितलंय? मोजणी शून्य? मग बंद! बॅटरी वाचते, छानच. पण बाथरूममध्ये कोणी असेल तर?

को-प्रोसेसरला कधीकधी बूटलोडरनेच चालू केलेलं असतं. त्याचं फर्मवेअर बिचारं कामात, आणि कर्नलला पत्ताच नाही. क्लॉक गेलं की ते जागच्या जागी थिजतं. बऱ्याचदा ना एरर, ना लॉग. बसा शोधत...

'सीएलके इग्नोर अनयूज्ड' हा बूट पॅरामीटर दिला की चालतं सगळं. दुखणं शोधायला उत्तम, पण तोच प्रॉडक्टमध्ये ठेवायचा म्हणजे घरभर लाईट रात्रभर चालू! २०१६ मध्ये आलेला 'क्रिटिकल' फ्लॅग त्यापेक्षा बरा, एकाच बटणावर चिकटपट्टी. मात्र को-प्रोसेसर थांबला तरी क्लॉक चालूच.

माझ्या मते फर्मवेअरच्या वतीने रिमोटप्रोक ड्रायव्हरनेच क्लॉक धरावं आणि को-प्रोसेसर थांबवला की सोडावं. (गंमत म्हणजे रिमोटप्रोक आणि कॉमन क्लॉक फ्रेमवर्क, दोन्ही २०१२ साली ३.४ आवृत्तीतच आले.) फक्त आधीपासून चालू असलेल्या को-प्रोसेसरला अटॅच होतानाही ते धरायला हवं, आणि तेही आजोबांची फेरी सुरू व्हायच्या आत.