जवारी आणि गणित

आमच्याकडे पट्ट्यांचे विजेवरचे कोणतेही वाद्य असो, लोक त्याला कॅसिओच म्हणतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कव्वालीच्या पार्टीत वाजवणारी आम्ही मंडळीही तसेच म्हणतो. पण एका वाद्याचे नाव मात्र आम्ही पूर्ण उच्चारतो: यामाहा डीएक्स ७.

त्याची गोष्ट १९६७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू होते. जॉन चाउनिंग नावाचा संगीतकार तिथे संगणकावर स्वराला आंदोलन देऊन पाहत होता. आंदोलनाचा वेग त्याने वाढवत नेला, इतका की कानाला ते आंदोलन वाटेनासे झाले आणि स्वराचा रंगच बदलला. एका लहरीने दुसरीला वेगाने हलवले की मूळ स्वराच्या आजूबाजूला नवे स्वरांश उमटतात, हे त्याला उमगले. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्यांना यात काही दिसले नाही. जपानच्या यामाहाने हक्क घेतले आणि १९८३ साली डीएक्स ७ बाजारात आला.

मिरजेच्या सतारमेकरांचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. तंबोऱ्याची घोडी घासत, तारेखाली सुताचा धागा सरकवत ते जवारी लावतात. तार घोडीला किती निसटती टेकते, त्यावर एका स्वरातून किती स्वर फुलतील हे ठरते. तिथे हात आणि कान, इथे आकडे. शोध एकाच गोष्टीचा.

६१ पट्ट्या, एका वेळी १६ स्वर, प्रत्येक स्वरामागे सहा लहरी आणि त्या एकमेकींना जोडण्याच्या ३२ तऱ्हा. आवाज घडवायला फिरवायची बटणे नाहीत; सपाट कळा दाबायच्या आणि दोन ओळींच्या पडद्यावर आकडे बदलायचे. ब्रायन ईनोसारखे थोडे लोक त्यात खोल शिरले. बाकीच्यांनी तयार आवाजच वाजवले, म्हणून त्यातला इलेक्ट्रिक पियानो १९८० च्या दशकातल्या इंग्रजी प्रेमगीतांत ऐकून ऐकून कान विटले. तरी बोट ठेवताच कळते की हे वाद्य दाद देते. हलके वाजवा, आवाज मऊ येतो. जोर द्या, तो नुसता मोठा होत नाही, धातूसारखा उजळतो. वादकाला आणखी काय हवे?

पण या प्रेमाला एक टोचणी आहे. मुंबईहून जुना डीएक्स ७ आमच्या पार्टीत आला तेव्हा व्हायोलिन, घंटा, बासरी सगळे एका पेटीत आले. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी माणसे मोजली. आधी व्हायोलिनवाला सुटला, मग क्लॅरिओनेटवाले चाचा घरी बसले. त्यांनी आम्हाला बोल लावला नाही. एकदा आमची बासरी ऐकून एवढेच म्हणाले, ‘बेटा, इसमें साँस लेने की जगह नहीं है.’ गंमत अशी की, फुंकरीने आवाज हलवण्याची नळी या वाद्याला जोडता येत होती. आमच्याकडे ती कोणी आणली नाही. फुंकणारा माणूस तर समोरच बसलेला होता.

आज हेच आवाज संगणकात फुकट मिळतात. तरीही जाणकार पहिला डीएक्स ७ शोधतात, त्याच्या आवाजातल्या बारीक खरखरीसाठी. आत एक छोटी बॅटरी असते; ती संपली की साठवलेले आवाज पुसले जातात. म्हणून आम्ही आमचे आकडे वहीत लिहून ठेवतो.

त्या वहीत बासरी नाही, क्लॅरिओनेटही नाही. रात्री उशिरापर्यंत आकडे बदलत बसल्यावर एक आवाज हाती लागला: थोडा घंटेसारखा, थोडा ओल्या काचेसारखा, मागे तंबोऱ्याची गुंज असलेला. तो कुणाची नक्कल करत नाही, कुणाची जागाही घेत नाही. हल्ली आम्ही तोच वाजवतो.