अकरा वाजता भरवणार कोण?

आईला नीट समजावून सांगितलं की बाळाचं वजन वाढतं, यावर माझा कित्येक वर्षं पक्का विश्वास होता. मी आहाराचे तक्ते लावायचे, मोड आलेल्या मटकीची थालीपिठं करून दाखवायचे. पुण्याजवळच्या सूस, नांदे, चांदे या पट्ट्यात टॉवर उठू लागले तशी ऐकणाऱ्यांची वाण राहिली नाही. भातखाचरांच्या जागी पत्र्याच्या खोल्या आल्या, त्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, पार छत्तीसगडहून बांधकामावर आलेली कुटुंबं. बाया माना डोलवायच्या. मांडीवरचं मूल पाच रुपयांचा बिस्किटपुडा चघळत असायचं आणि मी मनात म्हणायचे, अडाणीपणा, दुसरं काय!

नांदे गावाजवळच्या अशाच एका वस्तीत परभणीकडच्या एका बाईने माझ्याआधीच सगळा तक्ता म्हणून दाखवला. नाचणीची आंबील, मऊ भात, घट्ट वरण, अंडं, शेवग्याचा पाला. मग म्हणाली, “ताई, हे समदं येतंय मला. पण आठला मी कामावर. अकराला त्याला भरवणार कोण?” घरी होती बाळाची सात वर्षांची बहीण. तिच्या हाती गॅस देता येत नाही. पुडा तिला फाडता येतो.

त्यानंतर तोच तक्ता मला वेगळा दिसायला लागला. आठेक किलोच्या बाळाच्या पोटात किलोमागे साधारण तीस मिली मावतं, म्हणजे एका वेळी जेमतेम वाटी-दीड वाटी. म्हणून वर्षाच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी द्यायचं असतं. हे मी वाचून दाखवत होते, पण तेवढ्या वेळा कुणाचा तरी हात मोकळा हवा, हा हिशेब तक्त्यात नव्हता. बाळ अर्धं थुंकतं, रांगत पळतं; एका वाटीला अर्धा तास जातो. रोजंदारीवरच्या बाईला तो अर्धा तास मुकादमाकडे मागावा लागतो.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी देशभरात जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. बाकीच्या जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या आया अडाणी, असं म्हणायला आता जीभ रेटत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २०१५-१६मध्ये ३४.४ टक्के होतं, या सर्वेक्षणात ३५.२. मधल्या काळात, २०१८ला, पोषण अभियानही सुरू झालं होतं. तक्ते कमी पडले असं नाही.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५पासूनची. तिथं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवण मिळतं. सहा महिने ते तीन वर्षं, म्हणजे जिथं कुपोषण मूळ धरतं त्या वयाला, घरी न्यायचा कोरडा शिधा. जिला वेळ नाही तिच्याच हाती पुन्हा शिजवायचं काम! सेविकांना मी बोल लावत नाही. वजनं, नोंदी, सर्वेक्षणं यांतून त्यांनाच श्वास घ्यायला फुरसत नसते.

शिकवणं मी सोडलेलं नाही. ‘वरणाचं पाणी’ या गोष्टीवर तर मी पूर्वीपेक्षा हट्टी झालेय. वरचं पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांना, हे सोसायट्यांतही चालतं. पोट पाण्यानेच भरतं, अंगाला काही लागत नाही. दुसरी गोष्ट, जुलाब लागले की बाळाचं खाणं तोडायचं नाही. हे दोन्ही सांगायला पाच मिनिटं पुरतात.

उरलेला वेळ पाळणाघरासाठी भांडण्यात जातो. पन्नासांहून जास्त बायका कामावर असतील तिथं पाळणाघर हवं, असं बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६च्या कायद्याने सांगितलं होतं. पण एका साइटवर चार ठेकेदार असले की प्रत्येकाच्या हजेरीपटावर बायकांचा आकडा बरोबर पन्नासच्या आत राहायचा. साइटवर पाळणाघर होऊच शकत नाही असंही नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ला दिल्लीत बांधकामावर ‘मोबाइल क्रेशेस’ ही पाळणाघरं सुरू केली. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ तेच काम करते. तिथं अकराच्या घासाला माणूस असतं.

(शेजारच्या टॉवरमध्ये बाळाच्या आहाराचं मोबाइल अ‍ॅप असलेल्या आया आहेत. त्यांच्या बाळांना भरवायला बाई जाते ती वस्तीतूनच.)

माझी एक जुनी सहकारी चिडते. म्हणते, तू आयांना जबाबदारीतून मोकळं करतेस. थोडं करतेच. इतकी वर्षं आम्ही बापांना तक्ता दाखवलाच नव्हता. आठवड्याची खर्ची त्यांच्या हाती पडते, किराण्याची उधारी त्यांच्या नावावर चालते, आणि बैठक मात्र दुपारी, बायांची. आता मी खर्चीच्या दिवशी संध्याकाळी जाते. फार येत नाहीत, आले तर मागे उभे राहतात. मागे एकाने विचारलं, अंडं कधीपासून चालतं? सहा महिने झाले की, नीट उकडून, कुस्करून, मी म्हटलं. दात आल्याशिवाय द्यायचं नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्याचं पोरगं दहा महिन्यांचं झालं होतं.