मागणाऱ्यांचाही सत्कार

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या शिक्षणसंस्थेच्या वा रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी भिंतीत बसविलेली एक संगमरवरी पाटी असते, आणि तिच्यावर दात्यांची नावे व त्यांनी दिलेल्या रकमा उतरत्या क्रमाने कोरलेल्या असतात. सार्वजनिक कार्यासाठी निधी जमविण्यात ज्याचे बहुतेक आयुष्य गेले, त्या माझ्यासारख्याला ती पाटी वाचताना दात्यांविषयी आदर वाटतोच. परंतु त्याबरोबर असेही वाटते, की ज्यांच्या पायपिटीवाचून या पाटीवरील एकही नाव येथे आले नसते, त्या मागणाऱ्यांची नोंद आपल्या समाजाने कोठे केली आहे? दाता आणि त्याच्या दारी जाणारा संकलक हे एकाच सत्कार्याचे दोन कर्ते होत, दोघांच्याही सन्मानाचे खरे रूप म्हणजे त्या द्रव्याने काय साधले याचा चोख हिशेब सर्वांसमक्ष मांडणे हे होय, आणि ही गोष्ट भरगच्च सभागृहांपेक्षा साथीच्या काळातील ऑनलाइन सोहळ्यांनी मला अधिक स्पष्टपणे दाखविली, असे माझे निवेदन आहे.

दात्याचे नाव कोरून ठेवण्याची आपली रीत फार प्राचीन आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा जो शिलालेख आहे, तो माझ्या व्यवसायातील प्रत्येकाने एकदा तरी समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण दिले. पैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. आणि मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अट घालून ती दगडावर कोरून ठेवली. ज्याला आज आपण कायम निधी म्हणतो, त्याचा इतका स्वच्छ दस्तऐवज सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या भूमीत लिहिला गेला. आणि त्यात दात्याच्या नावाबरोबरच रकमेचा विनियोग, ठेवीचे स्थान आणि व्याजाचा दर हा सर्व तपशील आहे. म्हणजे त्या काळी दात्याचा गौरव आणि दानाचा हिशेब या दोन गोष्टी वेगळ्या मानलेल्या नव्हत्या.

पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईस जे मोठे दाते झाले, त्यांच्या गौरवाला पदव्यांचे आणि पुतळ्यांचे रूप आले. सर जमशेटजी जीजीभॉय यांना १८४२ साली नाइट आणि १८५७ साली बॅरोनेट हा बहुमान मिळाला, व त्यांच्या नावाचे रुग्णालय आजही लक्षावधी रुग्णांचा आधार आहे; तथापि त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी माहीम आणि वांद्रे यांमधील खाडीवर रस्ता बांधण्यासाठी जे द्रव्य दिले, त्यात प्रवाशांकडून पथकर घेऊ नये हा जो आग्रह होता, तो मला कोणत्याही पदवीपेक्षा थोर वाटतो. औंधचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी १९१८ साली भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले. ते कार्य १९६६ साली, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर, पूर्णत्वास गेले, तेव्हा ते पाहण्यास दाते हयात नव्हते. दान किती दूरचे पाहू शकते, याचे याहून उत्तम उदाहरण मला ठाऊक नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे नाव निघाले की टिळक, आगरकर आणि गोखले यांची आठवण होते, आणि ती योग्यच आहे. परंतु संस्थानिकांच्या दरबारी खेटे घालून, मसलती करून, आश्वासने रोकडीत उतरवून घेण्याचे काम ज्यांनी केले, ते महादेव बल्लाळ नामजोशी आज किती जणांना आठवतात? अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक देशबांधवाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा, या कल्पनेवर पैसा फंड उभारला आणि लोकमान्यांनी त्यामागे आपले बळ उभे केले. त्याच पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघरचे मूठमूठ धान्य मागितले, आणि मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे मंगळसूत्रही मोडले. तेथे मागणारा कोण आणि देणारा कोण, हा भेदच उरला नाही.

या परंपरेतील माझ्या मनातील अग्रस्थान मात्र महर्षी कर्वे यांनी विधवांसाठी चालविलेल्या हिंगण्याच्या आश्रमाला आहे. कर्वे यांच्याच महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्रींचे नाव मिळाले, ही गोष्ट सर्वविश्रुत आहे. पण त्या एका मोठ्या देणगीच्या आधी, १८९६ पासून, आश्रमाचा प्रपंच चालला तो आण्या-रुपयांच्या वर्गण्यांवर. त्या वर्गण्या जमविणाऱ्यांत कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले होत्या. केशवपन केलेल्या विधवेने व्यासपीठावर उभे राहून भाषण करणे हेच जेथे धाडस होते, त्या काळी त्या गावोगाव हिंडल्या. आणि पुढे १९१८ साली, वय पन्नाशीच्या जवळ आलेले असताना आणि इंग्रजी पुरते अवगत नसताना, अमेरिकेला गेल्या, तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी साहाय्य मिळवून परतल्या. स्वतः कर्वे वयाच्या पंच्याहत्तरीनंतरही खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढून पुन्हा लोकांच्या दारी गेले. ज्या समाजाने भिक्षेला पावित्र्य दिले, त्यानेच सार्वजनिक कार्यासाठी वर्गणी मागणाऱ्याला मात्र दारातच तिष्ठत ठेवावे, ही विसंगती या माणसांनी निमूटपणे सोसली.

निधिसंकलन हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही, आणि ते केवळ गोड बोलण्याचे तर मुळीच नाही. संकलकाला प्रथम आपली संस्था मुळापासून ठाऊक असावी लागते: एका मुलाचा वसतिगृहातील वार्षिक खर्च किती, शासकीय अनुदान किती व ते केव्हा मिळते, मागील साली कोणत्या सदराखाली तूट आली, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या जिभेवर असावी लागतात. पहिल्या भेटीत रक्कम मागू नये, दुसऱ्या भेटीत ऐकावे, आणि नकार मिळाला तरी तो सत्कारपूर्वक स्वीकारून वर्षअखेरीचा अहवाल त्या घरी पाठवावाच, हा या व्यवसायातील जुना शिरस्ता आहे. प्रत्येक रुपयाची पावती, प्रत्येक पावतीची स्थळप्रत, वापरलेल्या आणि कोऱ्या पावतीपुस्तकांचा मेळ, धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचे हिशेब, आयकराच्या ८०जी कलमाखालील प्रमाणपत्रे, हा सारा कारभार ज्याच्या हातून निर्वेध पार पडतो, तोच खरा संकलक. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा आपला १९५० चा कायदा ज्या बारकाईने हे दप्तर मागतो, ती बारकाई पुष्कळांना जाच वाटते. मला ती दात्याच्या विश्वासाची राखण वाटते.

अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९६० साली स्थापन झाली आणि तिच्या प्रयत्नांनी दरवर्षी १५ नोव्हेंबर हा दिवस लोकहितैषी दानाचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यास अधिकृत घोषणेचे रूप दिले. त्या दिवसाच्या आसपास शहरोशहरी जे समारंभ होतात, त्यांत दानशूर व्यक्ती व कुटुंबे, दानशील उद्योगसंस्था आणि तरुण कार्यकर्ते यांच्या बरोबरीने, विनावेतन निधी जमविणाऱ्या स्वयंसेवकाचा आणि हे काम पेशा म्हणून करणाऱ्याचाही स्वतंत्र सन्मान होतो. त्या संघटनेच्या आचारसंहितेतील एक नियम आपण जसाच्या तसा उचलावा असा आहे: जमविलेल्या रकमेवर शेकडेवारीने मोबदला घेणे तेथे निषिद्ध मानले आहे. संकलकाला योग्य वेतन जरूर द्यावे. परंतु दात्याच्या प्रत्येक रुपयात त्याचा हिस्सा ठरला, की त्याच्या शब्दावरील दात्याचा विश्वास ढळतो, आणि विश्वास हेच तर या कामातील एकमेव भांडवल होय.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सभा, संमेलने, सत्कार हे सर्व एका दिवसात थांबले. त्या नोव्हेंबरात त्या संघटनेच्या अमेरिकेतील अनेक शाखांनी आपले समारंभ पडद्यावर घेतले. आपल्याकडेही वार्षिक कृतज्ञता-समारंभ करणाऱ्या संस्थांपुढे तोच एक मार्ग उरला. आमच्या भागातील काही संस्थांनी मिळून असाच एक ऑनलाइन सोहळा योजिला, तेव्हा त्याच्या आखणीत माझा सहभाग होता. मानपत्रे, शाली आणि श्रीफळे आधीच टपालाने घरोघरी पाठविली होती. वेळ रविवारी सायंकाळी सातची ठेवली, म्हणजे न्यू जर्सीतील दात्यांची सकाळ आणि लंडनमधील दात्यांची दुपार साधली जाते. आणि ज्यांना मोबाइलवर जोडणी करणे जमत नव्हते, त्या वृद्ध दात्यांच्या घरी शेजारचे एखादे महाविद्यालयीन पोर मदतीला बसविले. शाल पांघरण्याचा मान प्रमुख पाहुण्यांकडून घरच्यांकडे आला. कोणाला पत्नीने, कोणाला नातीने, तर एका निवृत्त गिरणी कामगाराला त्याच्या शेजाऱ्याने शाल पांघरली.

त्या सायंकाळी जे घडले, त्याचे मर्म पुष्कळ विचारानंतर मला असे वाटते. सभागृहात पहिली रांग असते, व्यासपीठ असते, आणि कोणाला कोठे बसवावयाचे हा प्रश्न आयोजकांची निम्मी शक्ती खातो. पडद्यावर प्रत्येकाचा चौकोन सारख्याच मापाचा होता. पाच लक्ष रुपये देणारा उद्योजक, निवृत्तिवेतनातून दरमहा दोनशे रुपये पाठविणाऱ्या शिक्षिका, आणि जिने सायकलीवरून वाड्यावस्त्या फिरून धान्याची पोती गोळा केली ती अंगणवाडी सेविका, ही एकाच ओळीत आली. भाषणांची मुदत सर्वांना सारखीच तीन मिनिटांची ठेवल्यामुळे पाहुण्यांची प्रदीर्घ भाषणे आपोआप वगळली गेली, आणि तो वेळ आम्ही हिशेबाला दिला: कोणत्या सदराखाली किती जमा, टाळेबंदीत किती कुटुंबांना शिधा, त्यावर खर्च किती, शिल्लक किती. एरवी वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांत दडलेला ताळेबंद त्या दिवशी सर्वांनी एकत्र वाचला. प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे दिली गेली. समारंभानंतर त्या शिक्षिकेने मला फोनवर सांगितले, की शालीपेक्षा तिला ते आकडे पाहून अधिक बरे वाटले.

अशा सोहळ्याला उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. एका पंगतीत बसून जेवताना जी ओळख होते, आणि त्या ओळखीतून जे नवे संकल्प जन्मास येतात, ते पडद्यावर होत नाही. शिवाय येथे दोन बाबतींत डोळ्यांत तेल घालून दक्षता घ्यावी लागते. पहिली गुप्तदानाची: आपले नाव प्रकट होऊ नये ही ज्याची इच्छा आहे, त्याचे नाव चित्रफितीत किंवा यादीत चुकूनही येता कामा नये, कारण पडद्यावर एकदा आलेले मागे घेता येत नाही. दुसरी त्याहून नाजूक: ज्यांच्यासाठी हे द्रव्य जमले, त्या मुलांचे, रुग्णांचे वा निराधार स्त्रियांचे चेहरे दात्यांच्या समाधानासाठी दाखविणे हा त्यांच्या प्रतिष्ठेचा भंग होय. कार्य दाखवावे, इमारत दाखवावी, निकाल दाखवावेत. दैन्याचे प्रदर्शन मात्र कदापि करू नये.

मग सन्मानास पात्र कोण, याची कसोटी काय असावी? माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे दात्याच्या बाबतीत रकमेच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: त्याच्या ऐपतीशी दानाचे प्रमाण, देण्यातील सातत्य, आणि दिल्यानंतर संस्थेच्या कारभारात हात न घालण्याचा संयम. संकलकाच्या बाबतीत त्याने किती लाख आणले यापेक्षा किती नवी घरे जोडली, किती पावतीपुस्तके वेळेवर परत केली आणि अयोग्य मार्गाने आलेले द्रव्य नाकारण्याचे धैर्य दाखविले की नाही, हे पाहावे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाची तजवीज केली; तेथे कलावंत हेच संकलक झाले, आणि तिकीट काढणारा प्रत्येक प्रेक्षक हा दाता झाला. अशा सामुदायिक दानात एकाच नावाचा सत्कार करणे अशक्यच असते, आणि म्हणून त्याचा गौरव हिशेबानेच करावा लागतो.

साथ ओसरली, सभागृहे पुन्हा भरू लागली, आणि सत्कारांचा जुना थाट परतला. तो असावा, माणसांनी एकत्र यावे, दात्याच्या हाती श्रीफळ द्यावे, यात गैर काही नाही. माझी विनंती एवढीच, की लहानमोठ्या प्रत्येक संस्थेने वर्षातून एकदा तरी, सभागृहात वा पडद्यावर, दात्यांच्या यादीनंतर लगेच संकलकांची यादी वाचावी, दोन्ही याद्यांतील नावे रकमेच्या क्रमाने न लावता वर्णानुक्रमाने लावावीत, आणि त्यानंतर सर्वांच्या समक्ष वर्षाचा जमाखर्च मांडून प्रश्नांना उत्तरे द्यावीत. याला खर्च नाही, फक्त इच्छा हवी. नव्या पिढीतील जी मुले-मुली आज मोबाइलवरून कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी, कोणाच्या ग्रंथालयासाठी आवाहने करीत आहेत, ती नामजोशी, काळे आणि पार्वतीबाई यांच्याच कुळातील आहेत. मागणे हे कमीपणाचे नसून उत्तरदायित्वाचे काम आहे, हे त्यांना आपल्या वागण्यातून शिकविले, तर या महाराष्ट्रात सत्कार्य द्रव्यावाचून अडून राहणार नाही, असा माझा दृढ विश्वास आहे.