लोखंड लाकडात कसे बसवावे?

अजमानला आमचे सुतारकाम चालते. तिथल्या एका अरब गृहस्थांनी विचारले, "वडिलांची रायफल आहे, नेम हलतो. दस्त्यात राळ भरू का?" परवाना त्यांचा, हत्यार उघडणार परवानाधारक कारागीर, आम्हाला विचारले ते फक्त लाकडाचे.

मुलांनो, गोळी सुटली की धक्का मागे येतो. लोखंड लाकडात सारखे टेकले नाही, तर दर वेळी जरासे सरकते आणि नेम चुकतो. अजमानच्या दमट उन्हाळ्यात लाकूड फुगते, एसीत सुकते. इपॉक्सी राळ तशी फुगत नाही, हा तिचा गुण. पण तिच्यासाठी चांगले लाकूड कोरावे लागते. शिवाय तेल मुरलेल्या लाकडाला राळ नीट धरत नाही. आम्हा कोकणातल्या शनिवार तेल्यांना तेलाचे वेगळे काय सांगायचे!

आम्ही म्हटले, आधी लोखंडाला काजळी लावून बसवा, मग उचला. काळे डाग उठतील तिथेच पातळ खरवडा, डाग सगळीकडे सारखे उठेपर्यंत. एवढ्याने भागले नाही, तरच धक्का बसतो त्या जागचे तेल काढून थोडी राळ घाला.

घाई मात्र नको. खरवडलेले लाकूड परत येत नाही, आणि वडिलांचा दस्ता बाजारात मिळत नाही.