तिवरांची खाडी

ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला निघणारी होडी खाडीच्या पाण्यावर अवलंबून असते. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून होडीची वेळही रोज बदलते. काठावरच्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग यांवरच त्यांची जाळी पडतात आणि निघतात. उधाणाचं पाणी किती आत शिरतं, किती वेळ थांबतं, यावरच काठाला कोणतं झाड रुजणार हेही ठरतं.

ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. साधारण 1,690 हेक्टर क्षेत्र, त्यातलं निम्म्याहून अधिक कांदळवन आणि बाकीचं पाणी. 2022 मध्ये ही खाडी जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली; महाराष्ट्रात हा मान त्याआधी फक्त नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांना मिळाला होता. एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला नवी मुंबई, डोक्यावरून पूल आणि विजेच्या तारा. अशा ठिकाणी हे सारं टिकून आहे याचं अप्रूप वाटावं तितकं थोडंच.

नाव फ्लेमिंगोचं असलं तरी इथला खरा धनी तिवर. ओहोटीला पाणी उतरलं की त्याच्या खोडाभोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी शेकडो मुळं उघडी पडतात. चिखल काळा, सडक्या अंड्यांसारख्या वासाचा. त्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून ही मुळं वर येऊन बारीक छिद्रांतून हवा घेतात आणि खाली पोचवतात. भरतीत ती बुडतात. पाणी उतरलं की पुन्हा श्वास सुरू.

पान हातात घेऊन बघावं. वरून गुळगुळीत हिरवं, खालून राखाडी-पांढरट. कोरड्या दुपारी त्यावर मिठाचे कण चमकतात आणि जिभेला लावलं तर खारट लागतं. मुळांनी अडवूनही जे मीठ आत येतं, ते तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाची रीत निराळी: तो बहुतेक मीठ मुळांशीच थोपवतो, आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखं लोंबत राहतं. कमानदार मुळांवर उभा असा कांदळ भरपूर बघायचा तर अचरा, वेंगुर्ल्याच्या खाड्यांकडे जावं. ठाण्याच्या खाडीतलं सांडपाणी, गाळ, बदलता खारेपणा यांना तोंड देण्यात तिवर सगळ्यांत चिवट, म्हणून इथे त्याचंच राज्य.

तरी तो एकटा नाही. मधूनमधून चिप्पी दिसते. काठाच्या कडेला मारांडीची काटेरी पानं आणि जांभळट-निळी फुलं. जरा उंच, कोरड्या बांधांवर पिलू. त्याच्या पानांवर वाढणारं सॅमन रंगाचं छोटं फुलपाखरू मुंबईच्या किनाऱ्याला म्हणूनच भेटतं. चिप्पीच्या कुळातली पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात आणि त्यांच्या मधासाठी वटवाघळं येतात.

गळून पडलेलं पान इथे वाया जात नाही. ते कुजतं, खेकडे ते ओढून बिळात नेतात, आणि त्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा खेळते. निवट्या चिखलावर उड्या मारतात, मुळांच्या आडोशाला बोयांची पिल्लं वाढतात. कोळीवाड्यातल्या कालवणाचं मूळ या पानगळीत आहे.

आणि फ्लेमिंगो? ते हिवाळ्याच्या सुरुवातीला गुजरातकडून उतरतात आणि पावसाआधी बहुतेक परततात. धाकटा फ्लेमिंगो उलटी चोच पाण्यात बुडवून चाळणीसारखं पाणी गाळतो. त्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती हाच त्याचा आहार आणि त्यातूनच त्याचा गुलाबी रंग. शहराच्या सांडपाण्यातली पोषकद्रव्यं हे शेवाळ माजवतात, हे खरं आहे. म्हणून प्रदूषण चांगलं ठरत नाही. तेच पाणी कांदळाच्या नाजूक भाईबंदांना हुसकावतं.

अभयारण्याची हद्द नकाशावर आहे, पक्ष्यांना ती ठाऊक नाही. भरतीने चिखलपट्टे बुडाले की फ्लेमिंगो नेरूळ परिसरातल्या उथळ तळ्यांवर जाऊन उभे राहतात. त्यातल्या एका तळ्याला खाडीचं पाणी पोचणं थांबलं, तेव्हा ते सुकलं. तिवराचंही असंच होतं. कुऱ्हाड न लावताही तो मरतो. भराव घालून किंवा नाला बुजवून भरती अडवली की पुरे.

मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि त्यांच्याभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. कायद्याची बाजू भक्कम आहे. कमी पडतात ते बघणारे डोळे. खाडीकाठी राहणाऱ्यांनी आपल्या भागातल्या नाल्यांची तोंडं मोकळी आहेत का, उधाणाचं पाणी तिवरांपर्यंत पोचतं का, एवढं बघावं. मातीचे ट्रक रिकामे होताना दिसले तर फोटो काढून त्याच दिवशी वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवावं.