नवे शिकू की जुने?

मैत्रिणींनो, चाळिशी उलटल्यावर बाई पुन्हा वही-पेन घेऊन बसली की घरातले आधी हसतात. माझ्याही घरी हसले. लग्नाआधी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, तो कपाटात पिवळा पडला होता. मुले मोठी झाली, दुपारी मोकळ्या मिळू लागल्या, तेव्हा ठरवले, सर्व्हर सांभाळायचे काम शिकायचे आणि नोकरी धरायची.

सर्व्हर म्हणजे काय म्हणाल, तर ऑफिसचे कोठीघर. सगळ्यांच्या फायली तिथे, आणि कुणी कोणते कपाट उघडायचे हेही तिथेच ठरते. मायक्रोसॉफ्टचा विंडोज सर्व्हर पुष्कळ ऑफिसांत असतो. पण त्याच्या आवृत्त्या किती! 2016, 2019, 2022, 2025. साडीच्या दुकानात गेल्यासारखी माझी गत झाली.

भाचा म्हणाला, "मावशी, सगळ्यात नवी शीक." हे म्हणाले, "ऑफिसात कुणी दर वर्षी यंत्रं बदलत नाही. जुनी शीक." मी दोघांचेही ऐकले नाही. 2025 च्या संक्रांतीला, फी कमी म्हणून एका क्लासात नाव घातले. बांगड्यांसाठी साठवलेले पैसे भरले. दोन महिन्यांनी कळले, तिथे शिकवत होते 2012 आर-टू. तिच्या सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या कंपनीने 10 ऑक्टोबर 2023 लाच थांबवलेल्या!

चार दिवस तोंडात घास फिरत होता. शेवटी ह्यांना सांगितले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतेस ना? मग ही नाही बघितलीस?"

त्या रात्री तारखा काढून वहीत लिहिल्या. 2016 ची मुदत जानेवारी 2027, 2019 ची जानेवारी 2029, 2022 ची ऑक्टोबर 2031, आणि 2025 ची त्याहून तीन वर्षे पुढे. मी 2022 धरली. अगदी नवी ऑफिसांत रुळायला वेळ लागतो, अगदी जुनीचे दिवस भरत आलेले. आणि सगळ्या थोड्या थोड्या शिकायच्या म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.

नवा क्लास लावला नाही. मायक्रोसॉफ्ट 180 दिवस वापरून बघायला फुकट देते. लॅपटॉपची मेमरी तेवढी वाढवून घेतली. एकाच लॅपटॉपच्या पोटात दोन-तीन खोटे कॉम्प्युटर मांडता येतात, भातुकलीच म्हणा ना! मोडले तर पुन्हा मांडायचे.

आणि गंमत बघा, क्लासचे पैसे अगदीच पाण्यात गेले नव्हते. माणसांची नि किल्ल्यांची यादी ठेवणारी अॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज 2000 पासून आहे. प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारे डीएचसीपी, नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस, सगळ्यांना एकच नियम लावणारी ग्रुप पॉलिसी, हे सारे 2012 मध्ये होते तसेच 2022 मध्येही निघाले. चूल बदलली तरी फोडणी तीच!

दिवाळीआधी एका ऑफिसात मुलाखत झाली. साहेबांनी विचारले, "माणूस नोकरी सोडून गेला तर काय कराल?" म्हटले, "त्याचं खातं आधी बंद करीन, लगेच पुसणार नाही." त्यांच्याकडे 2016 होती. मी भीत भीत म्हटले, "हिची मुदत 12 जानेवारी 2027 ला संपते, तयारी आधीपासून लागेल." साहेबांनी कागद पुढे ओढून तारीख लिहून घेतली. एक तारखेपासून मी कामावर जाते.

बांगड्या अजून झालेल्या नाहीत. होतील. पण तुमच्यापैकी कुणी शिकायला निघाली असेल, तर फी भरण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा: कोणती आवृत्ती शिकवता, आणि तिची मुदत कधीपर्यंत? विचारायला लाजू नका. भाजी घेताना लाजतो का आपण?