दहा नंबरची आई

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त दोन पंचांगं बघून काढतात. एक भिंतीवरचं आणि दुसरं फुटबॉलच्या सामन्यांचं. माझ्या धाकट्या नणंदेच्या साखरपुड्यात दुपारी चारच्या सुमारास मांडवातले सगळे पुरुष एकाएकी नाहीसे झाले. मुलाकडची मंडळी सांगलीची. ती बिचारी घाबरली, म्हणाली, ‘काही अशुभ घडलं की काय?’ मी म्हटलं, ‘काही नाही हो, शाहू स्टेडियमवर गेलेत. जिंकले तर सहाला येतील, हरले तर आठला.’ आठला आले. चेहरे असे, की विहीणबाईंना खरंच वाटलं कुणी तरी गेलं.

बाहेरच्या मैत्रिणींना हे पटायचं नाही. कोल्हापूर म्हटलं की त्यांना अंबाबाई, चपला, तांबडा रस्सा आणि कुस्ती एवढंच आठवतं. कुस्ती खरीच. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान १९१२ साली बांधून घेतलं आणि पेठेपेठेत तालमी घुमू लागल्या. पण त्याच तालमींची पोरं पुढं फुटबॉलच्या मागं पळू लागली. म्हणून आमच्याकडच्या संघांची नावं ऐकली की परक्या माणसाला आखाड्याची आठवण होते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब आहेत, पण तिथंही वळण तेच. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली, लोक तिला केएसए म्हणतात. लीग, नोंदणी, नियम सगळं तिच्याकडं. पण प्रेम आणि भांडण मात्र पेठेचं. पोरगं जन्मलं की त्याचं नाव बाराव्या दिवशी ठरतं, तालीम पहिल्याच दिवशी ठरलेली असते.

पंचाईत आम्हा बायकांची. माझं माहेर एका तालमीचं, सासर दुसऱ्या. नावं घेत नाही. कोल्हापुरात नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी कुणी तरी दारात उभं राहतं. एवढंच सांगते, की या दोन संघांची गाठ पडली की पोलिसांची गाडी आधीच येऊन थांबते. लग्नात उखाणा घेताना मामंजी मागून म्हणाले होते, ‘आता जर्सी बदलली बरं का सूनबाई.’ सगळे हसले. मीही हसले. माझा दादा तेवढा हसला नाही.

बावीस वर्षं मी या घरात जर्शा धुतल्या. पहिल्यांदा ह्यांची, मग दिरांची, मग मुलाची. (मैत्रिणींनो, लाल मातीचा चिखल ओला असताना कधी पाण्यात घालू नका. वाळू द्या, ब्रशानं झाडा, मग भिजवा. गवताच्या हिरव्या डागाला थोडं व्हिनेगर चोळायचं. ही माझी विद्या, फुकट देते.) खेळातलं मला काही कळतं असं घरात कुणाला वाटायचं नाही. पण दोन्ही वेळच्या जेवणात तेच वाढलं जातं म्हटल्यावर कळणार नाही तर काय होणार? मामंजी अनवाणी खेळलेले, सेंटर हाफ. त्यांच्या मते बूट आले तिथंच खेळ बिघडला.

मुलगा दहा नंबरचा. मधल्या फळीत खेळतो, म्हणजे मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं, आणि पुढच्याला नेमका द्यायचा. गोल दुसरा करतो, नाव त्याचं होतं. हा फक्त वाढतो. मी एकदा म्हटलं, ‘तुझं काम माझ्यासारखंच की रे.’ तर रागावला.

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ६ तारखेला दिल्लीत अमेरिकेशी सामना. गल्लीत पडदा लावला होता. आपण ३-० ने हरलो, तरी गल्लीत फटाके वाजले, कारण आपला पोरगा देशाच्या जर्सीत पळाला होता. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. अनिकेत इथून पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता, हे त्यानं कुठून तरी काढलं आणि मलाही पाठवा म्हणून हट्ट धरला. आम्ही पाठवलं नाही. एकुलता एक, आणि मामंजींचं म्हणणं, तालीम असताना पुण्याला कशाला? ते मला अजून बोचतं. त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं.

अठराव्या वर्षी तो पहिल्या संघात आला. पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामाआधी तालमीची बैठक झाली. ह्यांचं नाव कमिटीत. रात्री साडेअकराला परत आले आणि न बोलता ताटावर बसले. तेव्हाच मला कळलं. बाहेरचा खेळाडू आणायचा ठरलं होतं, आफ्रिकेतला, मधल्या फळीतला. अलीकडं आमच्या सगळ्याच मोठ्या तालमी असे खेळाडू आणतात. गोव्याचे, कोलकात्याचे, नायजेरियाचे. किती आणायचे, किती उतरवायचे याला केएसएचं बंधन आहे, पण पैसा लागतोच. वर्गणी होते, एखादा पुढारी पाठीशी राहतो.

‘हात वर कुणी कुणी केला?’ मी विचारलं.

‘सगळ्यांनी.’

‘तुम्ही?’

ह्यांनी भाकरी मोडली. ‘तालमीचा प्रश्न आहे. घरचा पोरगा आहे म्हणून मी गप्प बसलो असतो तर लोकांनी काय म्हटलं असतं?’

मुलगा आतल्या खोलीत जागाच होता. त्या रात्रीपासून बापलेकांचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. ‘आई, पप्पांना सांग गाडीची चावी हवीय.’ ‘अगं, त्याला म्हणावं तेल भरून आण.’ दोघं चार फुटांवर.

आणि तो पाहुणा आला. त्याचा राग करायचा मी ठरवलंच होतं. उंच, शांत पोरगा, बावीस-तेवीसचा असेल. तालमीनं खोली घेऊन दिली आणि जेवणाचे वार लावले. बुधवार आमच्याकडं. पहिल्या बुधवारी पांढरा रस्सा पिऊन त्यानं डोळे मिटले आणि मला ‘मम्मी’ म्हणाला. जेवता जेवता त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. ती माउली मला काही तरी सांगत राहिली, मी तिला मराठीत सांगत राहिले, ‘जेवला हो, पोटभर जेवला.’ मग राग कुणाचा करायचा? माझा मुलगा शेजारी बसून त्याला पाणी देत होता.

हंगामभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. कट्ट्यावर, दुधाच्या रांगेत, गिरणीत. एक गट म्हणे, पाहुणाच हवा, त्याच्यामुळं चषक येणार. दुसरा म्हणे, आपल्या पोरांना बाकावर बसवून चषक आणला तर तो आपला कसा? तिसऱ्या गटाचं सगळं खापर कोचवर. हळदीकुंकवाला आलेली शेजारीण वाण घेता घेता मला म्हणते, ‘वैनी, तुमच्या पोराला डावीकडं का खेळवतात ओ? तो उजव्या पायाचा न्हाई का?’ मी चकित झाले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच, पाहुण्याला मध्ये जागा द्यायची म्हणून मुलाला शेवटची वीस मिनिटं डाव्या कडेला उतरवत होते.

नणंदेची मुलगी अमेरिकेत मिशिगनला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसत सुटली. ‘मामी, इथंही हेच चालतं.’ त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात घेऊन पळायचा. कॉलेजच्या संघाचं मैदान एवढं मोठं, की एक लाख सात हजार माणसं बसतात. चेंडू फेकणारा एक मुख्य पोरगा असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो नीट की दुसरा नीट, कोच ठेवायचा की काढायचा, पुढच्या वर्षी कुठल्या गावची पोरं ओढून आणायची, यावर म्हातारेकोतारेसुद्धा भांडतात. २०२१ पासून त्या कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा झाली, तेव्हापासून जास्तच. मी विचारलं, ‘आणि त्या पोराची आई काय करते?’ ती म्हणाली, ‘ते कुणी विचारत नाही.’

मार्चमध्ये मी पहिल्यांदा एकटी मैदानावर गेले. घरात कुणालाच सांगितलं नाही. नेमका माझ्या माहेरच्या तालमीशी सामना. प्रेक्षकांत मध्येच एक जागा बघून बसले, डोक्यावरून पदर, मांडीवर भडंगाची पुडी. साठाव्या मिनिटाला मुलगा उतरला. डाव्या कडेलाच. दोन पास चांगले दिले. तिसरा घेताना पाय अडखळला, चेंडू समोरच्यानं पळवला आणि तीस सेकंदात आमच्यावर गोल.

आमच्याकडं प्रेक्षक खेळाडूला शिवी देत नाहीत. त्याच्या आईला देतात. माझ्या मागच्या पायरीवरचा तिशीचा गडी उठून उभा राहिला आणि दहा नंबरच्या आईचा उद्धार करू लागला. त्याला साथ द्यायला आणखी चार. मी पाचेक मिनिटं ऐकलं. मग वळले आणि म्हटलं, ‘ती मीच. काय काम होतं?’

त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. हातातला कागद चुरगळला, खाली बसला, पुन्हा उठला. ‘चुकलं काकी. आईशप्पथ चुकलं.’ शपथही आईचीच. पाच मिनिटं तो गप्प राहिला, पण कोल्हापूरचा माणूस तो, किती गप्प बसणार? पुढं वाकून म्हणाला, ‘काकी, राग मानू नका, पोरगं चांगलं हाय. त्याला मधी खेळवाय पाहिजे. पाहुण्याला पुढं टाका आणि ह्याला मधी, मग बघा. कोचला कोण सांगणार? तुमच्या मालकांस्नी सांगा की.’

मी घरी येऊन मालकांना सांगितलं. ह्यांचं पहिलं वाक्य, ‘तू मैदानावर गेलेलीस?’ दुसरं, ‘कोचच्या कामात कमिटी पडत नाही.’ मामंजी खाटेवरून ओरडले, ‘मग कमिटीनं पाहुणा आणताना काय केलं?’ त्या रात्री आमच्या घरात जो वाद झाला तो लिहायचा म्हटलं तर अंक पुरायचा नाही. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यात पदर खोचून होते. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. काही बोलला नाही.

हंगाम संपला. चषक आला नाही. पाहुणा निघताना माझ्या पाया पडला आणि भडंगाची दोन किलोंची पिशवी घेऊन गेला.

दिवाळीच्या आधी नोंदणीचे दिवस आले आणि दादा मोतीचुराचा बॉक्स घेऊन दारात. भाऊबीजेला अजून दहा दिवस होते. चहा झाला आणि विषय काढला. माझ्या माहेरच्या तालमीला मधल्या फळीत पोरगा हवा होता. मानधन देतील, आणि मध्येच खेळवतील, डावीकडं नाही. ‘तू फक्त त्याला एक शब्द टाक,’ दादा म्हणाला.

रात्री ह्यांनीही तेच म्हटलं. ‘तू त्याला समजाव. चार पिढ्या एका तालमीच्या. मी कट्ट्यावर कसा बसू?’

दोघांनाही मी एकच उत्तर दिलं, की मी सांगणार नाही. बालेवाडीच्या वेळी मी गप्प राहिले ते भीतीनं. या वेळी गप्प राहिले ते ठरवून. मुलानं एकदा विचारलं, ‘आई, तुला काय वाटतं?’ मी म्हटलं, ‘तू कुठं खेळलास की तुला झोप लागते, ते बघ.’

तो माझ्या माहेरी गेला. म्हणजे तालमीला. नोंदणीच्या कागदावर सही करून आला आणि देवापुढं उभा राहिला. मामंजी तोंड फिरवून पडून राहिले. हे दोन दिवस कट्ट्यावर गेले नाहीत, तिसऱ्या दिवशी गेले आणि लवकर परत आले. गल्लीतली चार पोरं माझ्याशी बोलायची बंद झाली. त्यातल्या दोघांना मी लहानपणी भरवलेलं.

गेल्या आठवड्यात सरावाची पहिली जर्सी धुवायला पडली. बावीस वर्षांत या घरात न आलेला रंग. धुतली खरी, पण वाळत कुठं घालायची? पुढच्या गॅलरीत घातली तर गल्लीला दिसणार. मामंजींना विचारलं. ते म्हणाले, ‘मागं घाल. पोरं दगड मारतील.’ मग थोड्या वेळानं, ‘चिमटे दोन-दोन लाव, वारं हाय.’

मागच्या अंगणात घातली आणि मी मंडईत गेले. परतताना पावसानं गाठलं, तो परतीचा पाऊस कसा कोसळतो तुम्हाला माहीत आहे. धावत घरी आले तर दोरी रिकामी. घरात हे एकटेच, पेपर वाचत. जर्सी खुर्चीवर घडी घालून ठेवलेली. उलटी करून घडी घातली होती, तालमीचं चिन्ह आत.